पाचव्या अंकात कोणी मरत नाही

गाद्यांच्या कारखान्याचं फाटक उघडलं, घर सोडून गेलेला मुलगा आत आला, म्हातारा मालक लगबगीने सामोरा गेला आणि दोघांनी मिठी मारली. पडद्यावर आता म्हाताऱ्याची नुसती पाठ दिसत होती. ती पाठ काहीतरी बोलत होती, पण आवाज नव्हता. मग व्हायोलिनं सुरू झाली, दिवे लागले आणि मागे भिंतीला टेकून उभा असलेला धाकटा सगळ्यांच्या पाठींकडे पाहू लागला.

टाळी कोणी वाजवली नाही. या घरात ती वाजवायचीच नसते. अण्णांची नाटकमंडळी होती तेव्हापासूनची रीत अशी, की नवा खेळ लोकांपुढे नेण्याआधी एकदा फक्त घरच्यांसमोर करायचा आणि मग बैठक घेऊन प्रत्येकाने एक दोष सांगायचा. एकच, पण खरा. कौतुक केलं की खेळ पडतो, अशी अण्णांची पक्की समजूत. मंडळी बंद पडून जमाना लोटला, पण रीत राहिली, आणि धाकट्याने सिनेमे काढायला घेतल्यावर ती बिनबोभाट सिनेमालाही लागू झाली. बाहेर लोक त्याला सहकुटुंब रडवणारा दिग्दर्शक म्हणत. घरी मात्र पन्नाशी उलटली तरी तो धाकटाच होता, आणि घरच्या खेळाला तो अजून खुर्चीत बसू शकत नसे.

तळघरातलं हे प्रिव्ह्यू थिएटर म्हणजे वीसेक खुर्च्यांची एक खोली. गालिच्याला सिगारेटींनी पाडलेली भोकं, एसीखाली ठेवलेली बादली, एका भिंतीत मोठी काच आणि काचेपलीकडे डबिंगची खोली. पुढच्या रांगेच्या मधोमध अण्णा बसले होते, राजे बसतात तसे, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. रांगेच्या टोकाला आई होती. तिला खुर्ची चालत नाही. चाळीसेक वर्षं तिने रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवली होती, त्यामुळे कुठेही गेली तरी ती बुटकं स्टूल शोधते. इथेही रेकॉर्डिस्टचं पळवलं होतं. तिच्या मागे ताई, जी मंडळीत तोंडं रंगवायची आणि आता स्वतःच्या पार्लरमध्ये तेच करते.

आणि सगळ्यांत मागे, दाराजवळच्या खुर्चीत, अंधार झाल्यावर गुपचूप येऊन बसलेला दादा. अण्णांनी त्याला अजून पाहिलं नव्हतं.

त्याला बोलावण्याचा कट ताईचा आणि धाकट्याचा. आईला तो ठाऊक होता, कारण आईला सगळंच ठाऊक असतं. धाकट्याला या सिनेमातून खरं काय हवं होतं, तर एवढंच, की अण्णांच्या हयातीत दादाने एकदा घरी यावं. सरळ माणसाने यासाठी बापासमोर बसून तसं सांगितलं असतं. धाकट्याने त्यासाठी एक निर्माता गाठला, गाद्यांचा कारखाना भाड्याने घेतला, शंभर माणसांचं युनिट जमवलं आणि दोन वर्षं घालवली. या घरात कोणाला काही सरळ बोलता येत नाही, पण त्यातही धाकट्याचा नंबर वरचा.

त्याच्या सगळ्या सिनेमांचं मूळ एकच होतं. मंडळीचं ते गाजलेलं नाटक, ज्याला घरात सगळे नुसतं 'पाचअंकी' म्हणत. राजा रागाच्या भरात थोरल्या युवराजाला देशोधडीला लावतो. युवराज निर्दोष होता हे त्याला पाचव्या अंकात कळतं, आणि तेवढ्यात युवराजाचं प्रेत दारात येतं. राजा त्या प्रेतावर पानभर आक्रोश करतो आणि पडदा पडतो. बायका रुमाल विसरून जात. झाडूवाला सकाळी ते गोळा करी.

धाकट्याने हेच नाटक याआधी चार वेळा सिनेमात घातलं आणि चारही वेळा कोणाच्या लक्षात आलं नाही. राजाची गादी गेली आणि या खेपेला गाद्यांचा कारखाना आला. वनवासाच्या जागी दुसऱ्या शहरातली नोकरी, जासुदाच्या जागी कुरियरवाला, कपटी प्रधानाच्या जागी चार्टर्ड अकाउंटंट, राजज्योतिषाच्या जागी शेजारच्या मावशी. विषप्राशनाचा प्रसंग त्याने ॲसिडिटीवर भागवला. मरणाचं काय करायचं, हा प्रश्न तेवढा उरायचा, तो अतिदक्षता विभागाने सोडवला. डॉक्टर बाहेर येतात, मास्क काढतात आणि आता काळजीचं कारण नाही म्हणतात. निर्मात्याची एकच अट असायची. "शेवटी कोणी मेलं तर लोक बाहेर जेवायला जात नाहीत, सरळ घरी जातात. मग मुलं म्हणतात, पुन्हा नको." धाकट्याला असं लिहायची लाज वाटत नसे. लाज वाटायची ती समारंभात 'मूळ कल्पना' म्हणून त्याचं नाव पुकारलं जाई तेव्हा, आणि तीही स्टेजवर पोचेपर्यंतच.

या वेळी त्याने कारखान्याच्या मालकाचं काम अण्णांनाच दिलं होतं. शेवटच्या प्रसंगात म्हाताऱ्याला दोनच वाक्यं होती: चूक माझी झाली. घरी चल. अण्णांनी मान डोलावली, कॅमेरा सुरू झाला, आणि त्यांनी समोर उभ्या असलेल्या धडधाकट, व्यायामशाळेत कमावलेल्या नटावर पाचव्या अंकातला सगळा आक्रोश म्हटला. पानभर. नट आ वासून स्वतःच्या मरणाचं वर्णन ऐकत राहिला. युनिटने टाळ्या वाजवल्या. अण्णा पुन्हा म्हणायला तयार होते, पण तोच आक्रोश. ऊन उतरत चाललं होतं, म्हणून धाकट्याने कॅमेरा त्यांच्या पाठीमागे नेला आणि मनाशी म्हणाला, वाक्य मागाहून घालू.

ते मागाहून आज आलं होतं.

"बैठक," अण्णा पडद्याकडेच पाहत म्हणाले. "ताई, तू आधी."

"मुलगा वर्षभर वणवण फिरतो," ताई म्हणाली, "कुठल्याशा खोलीत एकटा राहतो, आणि दाढी मात्र रोज कोणीतरी येऊन कातरून जातं. घर सुटलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो." हे म्हणताना तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. धाकट्याने तिला डोळ्यांनी दटावलं.

"बरोबर. तू?"

आईने मांडीवरची संहिता मिटली. सिनेमा पाहतानाही ती संहिता घेऊन बसते. "मध्यंतरानंतर दोघं जण इतका वेळ गप्प बसतात, की मला वाटलं वाक्य विसरले. दोनदा सांगायला तोंड उघडलं मी."

"पडद्यावरच्यांना सांगून काय उपयोग, आई?" धाकटा म्हणाला.

"ते मलाही कळतं रे. तोंड उघडल्यावर कळतं."

अण्णांनी घसा साफ केला.

"मेलं कोण?" अण्णांनी विचारलं.

"कोणी नाही, अण्णा."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. तुम्हीच तर काम केलंय त्यात."

"मी माझ्यापुरतं केलं. मला वाटलं, तुम्ही लोक मागाहून कोणाला तरी माराल."

ताई फिसकन हसली आणि तिने ते खोकल्यात बुडवलं. अण्णा मात्र गंभीर होते. ते खुर्चीत अर्धवट वळले, पण दाराजवळच्या खुर्चीपर्यंत नजर जाणार नाही एवढेच. "हसण्यावारी नेऊ नका. शोकांतिका म्हणजे दुसरं काय असतं? उशीर. राजाला कळतं, पण उशिरा कळतं. वेळेवर कळलं तर तो राजा कसला, तो शहाणा माणूस झाला, आणि शहाण्या माणसाचं नाटक कोण बघेल? तू माझा उशीरच काढून टाकलास, धाकट्या. ही दोन वाक्यं मी म्हणणार नाही. माझा राजा असं बोलत नाही."

"तुमचा राजा गाद्या विकतो, अण्णा."

"राजे काहीही विकतात."

"लोक मुलांना घेऊन येतात हो सिनेमाला," धाकटा काकुळतीला आला. "त्यांना आशा हवी असते. घरी जाताना बापलेकांनी एका गाडीत बसावं, निदान एकमेकांकडे बघावं, एवढंच करतो मी. तुमच्या पाचअंकीत तरी दुसरं काय होतं? लोक रडून घरी जायचे आणि झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचे. मी पांघरुणापासून सुरुवात करतो, इतकंच."

हे त्याने मुलाखतींतून इतक्यांदा म्हटलं होतं, की त्याचा त्यालाच कंटाळा आला. आईचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तिला हेही पाठ होतं.

"झाले सगळ्यांचे?" अण्णांनी विचारलं.

"एक राहिलाय," आई म्हणाली.

"कोण?"

"मी," मागून दादा म्हणाला.

अण्णा वळले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, घासून घासून पुसला आणि परत घातला. हा चष्मा दादाच्याच दुकानातला होता. काचा त्यानेच घासून बसवलेल्या. आई गुपचूप करून आणायची, आणि कौतुक निषिद्ध असलेल्या या घरात अण्णा वर्षानुवर्षं म्हणत आले होते, की तो चष्मेवाला मोठा चोख माणूस आहे.

"माझा दोष सांगू, की निघू?" दादाने विचारलं.

"बैठकीला बसलेला माणूस दोष सांगितल्याशिवाय उठत नाही," अण्णा पडद्याला उद्देशून म्हणाले.

दादा पुढे येऊन दोन रांगांमधल्या वाटेत उभा राहिला. केस पांढरे झालेले, शर्टाच्या खिशात बारीक स्क्रूड्रायव्हर. त्याचा आवाज मात्र अजून अण्णांचाच होता, फक्त त्याने तो दुकानाच्या मापाचा करून घेतला होता.

"मुलगा परत का येतो, ते मला कळलं नाही."

धाकटा ताबडतोब सरसावला. "त्याला आईची आठवण येते ना. तो स्टेशनवरचा प्रसंग, ते लहान बाळ..."

"ते पाहिलं मी. व्हायोलिनंही ऐकली. पण त्याला बोलावलं कोणी? तुझ्या आधीच्या चारही सिनेमांत, आणि यातही, मुलगा आपल्या पायांनी दारात येतो, आणि मग बाप मिठी मारतो. दारात उभ्या असलेल्या माणसाला घरी चल म्हणायला काय जातं?"

"तू चारही पाहिलेस?"

"पहिल्या दिवशी, पहिला खेळ. मुलगा घरी पोचला की लोक टाळ्या वाजवायचे आणि मी दुकान उघडायला जायचो."

आतापर्यंत धाकट्याच्या बाजूने असलेली ताई उठून दादाशेजारी जाऊन उभी राहिली, आणि कटाची फाळणी झाली. "खरंच आहे. त्याच्या जाण्यावर पाच सिनेमे काढलेस. एकदा तरी त्याच्याकडे गेलास?"

"जातो की! माझा चष्मा तिथेच..."

"आणि बोलता काय?"

"नंबर," दादा म्हणाला. "आमचं नंबरावर चांगलं जमतं."

हे अगदी खरं होतं. ज्याने उंबरठ्यावर म्हणायचे अश्रूभरले संवाद रिमच्या रिम लिहिले, तो धाकटा भावाच्या दुकानात जाई, यंत्रावर हनुवटी टेकवी, फळ्यावरची अक्षरं वरून खाली वाचून दाखवी आणि नवा चष्मा घालून बाहेर पडे. दादा विचारी, आता स्पष्ट दिसतंय का? धाकटा म्हणे, हो, एकदम. आत्ता त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की हा प्रसंग सिनेमात घ्यायला हवा होता, असं मनात येऊन त्याची त्याला आणखी शरम वाटली.

"मी कोणाला घालवलं नव्हतं," अण्णा एकदम म्हणाले.

त्या रात्रीबद्दल या घरात इतक्या वर्षांत कोणी चकार शब्द काढला नव्हता.

झालं होतं ते असं. पाचव्या अंकात युवराज झालेला दादा मरून पडला होता, अण्णांचा आक्रोश ऐन भरात आला होता, आणि प्रेत शिंकलं. सभागृह हसलं. राजा रडत राहिला आणि लोक हसत राहिले; अण्णांच्या उभ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. नंतर रंगपटात ते दादाला म्हणाले, "चालता हो. या घरच्या पाण्यावर तुझा हक्क नाही. आजपासून मी निपुत्रिक आहे." धाकटा तिथेच मुकुट हातात धरून उभा होता, पण त्याला मोजायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. दादाने वाकून नमस्कार केला, जशी आज्ञा, म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून युवराज धाकटा झाला. मंडळी बंद पडेपर्यंत तो रोज मरत राहिला, आणि इतकं वाईट मरायचा, की लोकांना जिवंत असतानाच त्याची कीव यायची. पुढे त्याच्या सिनेमांत कोणी मेलं नाही, त्याचं खरं कारण निर्मात्याला कधीच कळलं नाही.

"ती तिसऱ्या अंकातली वाक्यं होती," अण्णा म्हणाले. आता ते पूर्ण वळले होते. "शब्दाला शब्द. संहितेत बघा. मी चिडलो होतो, आणि चिडलो की मला तेवढीच येतात. दुसरी आहेत कुठे माझ्याकडे? तोही त्याचं वाक्य म्हणाला. नमस्कार करून गेला. सुरेख गेला! मला वाटलं, वा, पोराला एक्झिट जमली. दुसऱ्या दिवशी प्रयोग होता. हा येईल म्हणून मी तिसरी घंटा लांबवत राहिलो. लोक ओरडायला लागले तरी लांबवत राहिलो."

धाकट्याच्या छातीवरचा दगड उतरला. गैरसमज! म्हणजे सगळा गैरसमजच होता. गैरसमजावर तर त्याचा संसार उभा होता; पत्र हाती न पडणं, फोन भलत्यानेच उचलणं, नाटकातली वाक्यं खरी वाटणं. आता दादा म्हणेल, अण्णा, मला काय माहीत. अण्णा हात पसरतील. त्याने मनातल्या मनात व्हायोलिनवाल्यांना खूणही केली.

"अण्णा," दादा शांतपणे म्हणाला, "तुम्ही रंग उतरवला होता."

व्हायोलिनं थांबली. मंडळीतला हा नियम मुकुट सांभाळणाऱ्या पोरालाही ठाऊक होता. तोंडाला रंग असेपर्यंत माणूस काहीही बोलो, ते नाटकाचं. ते मनावर घ्यायचं नाही. रंग पुसला की बोललेलं आपलं आणि ते निस्तरायचंही आपणच. या एका नियमावर मंडळीतले संसार टिकले होते.

"अर्धा," अण्णा म्हणाले. "अर्धाच उतरवला होता."

"कपाळावर होता. तोंड पुसून झालं होतं. मी समोर उभा होतो, अण्णा. मी आधी तेच पाहिलं. रंग असता तर मी सकाळी आलो असतो."

"मी पुसून दिलं होतं," ताई हळूच म्हणाली. "तेलाचा बोळा माझ्या हातात होता."

खोलीत फक्त एसीचं पाणी बादलीत पडत राहिलं. मग, कोणी ठरवलं नसताना, सगळ्यांनी आईकडे पाहिलं. घरात कोणी बोलता बोलता अडलं की आई पुढचा शब्द देते. भाजीवाल्याशी घासाघीस करताना देते, डॉक्टरला लक्षणं सांगताना देते. अण्णांनीही पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी अशा वेळी डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या खड्ड्याकडे पाहिलं होतं, आणि एकदाही शब्द आला नाही असं झालं नव्हतं.

"मी सांगणार नाही," आई म्हणाली. "तुम्ही विसरलेला नाही."

"अगं, पण..."

"विसरलेल्याला सांगायचं असतं. अडून बसलेल्याला नाही."

अण्णा खुर्चीच्या हाताचा आधार घेत उठले. वाटलं, दादाकडे जातील. पण ते त्याच्या बाजूने, त्याचा खांदाही न घासता, सरळ डबिंगच्या खोलीत गेले आणि कानाला हेडफोन लावून माइकसमोर उभे राहिले. "ते राहिलेलं वाक्य घेऊन टाका," त्यांचा आवाज स्पीकरमधून आला.

इतका वेळ कोपऱ्यात बसून भिंतीवरचा फोम मोजण्याचं नाटक करत असलेला टकला रेकॉर्डिस्ट आनंदाने यंत्राशी गेला. घरगुती भांडणांपेक्षा त्याला यंत्रं परवडत. काचेपलीकडच्या छोट्या पडद्यावर फाटक उघडलं, मुलगा आला, मिठी झाली.

"चूक माझी झाली," अण्णा म्हणाले. "घरी चल."

खर्जातला तो भरदार आवाज खोलीभर फिरला. 'चल'मधला 'ल' त्यांनी असा काही सोडला, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही आपल्यालाच बोलावल्यासारखं वाटावं. रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. धाकट्याच्या अंगावर शहारा आला. मिळालं! सिनेमा पुरा झाला. थिएटरात एकाचेही डोळे कोरडे राहणार नव्हते.

त्याने वळून पाहिलं तर दादाचे कोरडे होते. त्याने खुर्चीवरची पिशवी उचलली होती आणि तो ताईला खुणेने सांगत होता, निघतो.

हवं ते धाकट्याच्या हाती आलं होतं, आणि ज्याच्यासाठी हवं होतं तो दाराकडे चालला होता. त्याच्या चारही सिनेमांत अशा वेळी पाऊस पडतो किंवा कोणाला तरी चक्कर येते. इथे काहीच येईना. मग त्याने आयुष्यात बापापुढे कधी केलं नव्हतं ते केलं. आतल्या माणसाशी बोलायचं बटण दाबलं आणि म्हणाला, "अण्णा, हे राजाचं झालं. पुन्हा घ्या."

"सर, छान होतं," रेकॉर्डिस्ट कुजबुजला.

"छान होतं म्हणूनच."

काचेपलीकडे अण्णांच्या भुवया वर गेल्या. भल्याभल्या नटांना त्या भुवयांनी घाम फोडला होता. धाकट्यालाही फुटला, पण त्याने बटणावरचं बोट काढलं नाही. "दादा निघालाय, अण्णा. पुन्हा घ्या."

फाटक उघडलं, मुलगा आला, मिठी झाली. अण्णा काही बोलले नाहीत. चित्र संपून पुन्हा सुरुवातीला आलं. फाटक उघडलं. अण्णा गप्पच. त्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. पडद्याकडे पाठ केली. काचेतून त्यांनी बाहेर पाहिलं, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून उभा असलेला दादा त्यांना दिसला.

"भोपळ्या," अण्णा म्हणाले.

दादा पाळण्यात होता तेव्हा त्यांनी ठेवलेलं हे नाव. प्रयोगाआधी विंगेत ते त्याच्या कानाशी वाकून एवढंच म्हणत आणि मग राजा होऊन प्रवेश करत. दादा गेल्यापासून हा शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. आई भाजीवाल्याकडेही बोट दाखवून मागायची.

"भोपळ्या, ते... नाटकातलं नव्हतं. तोंड पुसलेलं होतं. मला माहीत होतं." आवाज चिरकला. त्यात खर्ज नव्हता, फेक नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचलाच नसता. "घंटा लांबवली, पण तुझ्या मागे आलो नाही. यायला हवं होतं. चूक माझी आहे रे. घरी चल."

रेकॉर्डिस्टने घड्याळजीसारखी मान कलती केली आणि मग कर्तव्य म्हणून बटण दाबलं. "सर, भावना एकदम मस्त. फक्त सिनेमातल्या मुलाला भोपळ्या असं कोणी म्हणत नाही. आणि वाक्यं थोडी लांबली. नाव बरोबर करून एक घेऊ या?"

"नाव बरोबर आहे," अण्णा म्हणाले.

ताईने तोंडावर पदर दाबला. धाकटा रडत होता आणि रडता रडता त्याच्या लक्षात आलं, की पहिला टेक आता आपल्याला कधीच वापरता येणार नाही. तो ऐकला की आपल्याला त्यातलं खोटं ऐकू येईल. आणि दुसरा आपला नाही. म्हणजे सिनेमाच्या शेवटी एक म्हातारी पाठ, आणि त्या पाठीला काही संवादच नाही. निर्माता त्याला फाडून खाईल. खाऊ दे, असं त्याला प्रथमच, आणि अगदी मनापासून वाटलं.

दादा दारातून परत आला. आत कसं बोलायचं, असं त्याने धाकट्याला खुणेने विचारलं. धाकट्याने आपलं बोट काढून त्याला बटण दाखवलं. दादाने ते दाबलं, पण त्याला बोलता येईना. तो तसाच वाकून उभा राहिला. आईने त्याच्याकडे पाहिलं, ओठ उघडले, आणि हाताने घट्ट मिटून घेतले.

"दुकान बंद करून येतो," शेवटी दादा म्हणाला.

काचेपलीकडे अण्णांनी मान हलवली. मग, एवढं पुरणार नाही असं वाटून, ते माइकच्या अगदी जवळ आले.

"ये," ते म्हणाले. "जेवायला थांबतो मी."